मुकुंद रामराव जयकर

मुकुंद रामराव जयकर (जन्म : मुंबई, १३ नोव्हेंबर १८७३, मृत्यू : मुंबई, १० मार्च १९५९) हे मराठी कायदेपंडित, राजकारणी, न्यायाधीश आणि शिक्षणतज्ज्ञ होते. बॅरिस्टर जयकर या नावाने ते ओळखले जात. पुणे विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होत. महात्मा गांधी आणि ब्रिटिश सरकार यांच्यात समेट घडवून आणण्यासाठी तेजबहादूर सप्रू यांच्यासह त्यांनी केलेल्या मध्यस्थीमुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले आहे. मात्र सर्वसामान्य माणसाच्या रोजच्या जीवनाला स्पर्श करणारे त्यांचे काम वेगळेच आहे. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. पेट्रोलवरील कराचा रस्ते निधी, रस्त्यांच्या अभियंत्यांची राष्ट्रीय संस्था आणि रस्त्यांवरील शास्त्रीय संशोधन या तिन्ही गोष्टींचे मूळ त्या समितीच्या अहवालात आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जयकर समिती हे नाव पाठ असते. ते जयकर कोण, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

शिक्षण आणि वकिली

जयकरांचा जन्म मुंबईतील पाठारे प्रभू कुटुंबात झाला. या ज्ञातीत इंग्रजी शिक्षण आणि वकिली यांची परंपरा जुनी होती. मुंबईतच त्यांचे शिक्षण झाले. १९०२ साली एल्‌एल.बी. झाल्यावर ते इंग्लंडला गेले आणि १९०५ साली बॅरिस्टर होऊन परतले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिलीस आरंभ केला.

कायद्याखेरीज तत्त्वज्ञानात, विशेषतः वेदान्तात त्यांना मनापासून रस होता. वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर यांच्या वेदान्तविषयक इंग्रजी लेखनाचे संपादन जयकरांनी केले आणि ते पुस्तकरूपाने १९२४ साली प्रसिद्ध झाले. वकिलीत जम बसलेला, राजकारणात वादग्रस्त होऊ लागलेला हा मनुष्य त्याच काळात वेदान्तग्रंथाची मुद्रिते तपासत होता, ही गोष्ट त्यांचा स्वभाव समजून घेण्यास उपयोगी पडते.

राजकारण

बॉम्बे क्रॉनिकल या वृत्तपत्राच्या संचालकांत महंमद अली जिना यांच्याबरोबर जयकरही होते. १९१९ साली पंजाबात झालेल्या अत्याचारांची चौकशी करण्यासाठी काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्यासह जयकरांनी त्या समितीवर काम केले. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतरच्या त्या दिवसांत साक्षी गोळा करणे, त्या पडताळणे आणि टिकेल असाच पुरावा अहवालात घेणे हे काम वकिली काटेकोरपणाचे होते.

असहकाराच्या काळातही तडजोडीचा दरवाजा बंद होऊ नये, असे त्यांना वाटे. जानेवारी १९२२ मध्ये मुंबईत भरलेल्या सर्वपक्षीय नेत्यांच्या परिषदेच्या चिटणिसांत ते होते. पुढे कायदेमंडळात शिरून लढणाऱ्या स्वराज्य पक्षात ते गेले आणि १९२३ ते १९२५ या काळात मुंबई कायदेमंडळात त्या पक्षाचे नेते राहिले.

स्वराज्य पक्षात फूट पडली ती मध्य प्रांत व वऱ्हाडच्या राजकारणावरून. १९२५ च्या ऑक्टोबरात त्या प्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरूंनी याला शिस्तभंग मानले. जयकर, नरसिंह चिंतामण केळकर आणि डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचे मत निराळे होते. सरकार जेवढे सहकार्य करील तेवढ्यास तेवढे सहकार्य द्यावे, हे टिळकांचे धोरणच योग्य आहे, असे ते मानत. त्यातून प्रतिसहकार पक्ष उभा राहिला. यवतमाळ येथे वकिली करणारे, वणीचे माधव श्रीहरी अणे हेही याच पक्षाचे. त्यामुळे मुंबईच्या या बॅरिस्टरांचे वऱ्हाडातील राजकीय वर्तुळाशी निकटचे नाते जडले.

१९२६ साली जयकर मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले आणि तेथील नॅशनॅलिस्ट पक्षाचे उपनेते झाले. १९२८ अखेर कलकत्ता येथे भरलेल्या सर्वपक्षीय अधिवेशनात त्यांनी नेहरू अहवालावरील जिनांच्या दुरुस्त्यांना विरोध केला. त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत वादग्रस्त भूमिकांत हिची गणना होते. समेटासाठी आयुष्य वेचणाऱ्या जयकरांनी त्या दिवशी समेटाची बाजू घेतली नाही.

भारतीय रस्तेविकास समिती

ज्या वर्षी कलकत्त्याचे हे अधिवेशन झाले, त्याच वर्षी जयकरांचे रस्त्यांवरील काम पूर्ण झाले. आज अधिवेशनाची चर्चा अधिक होते. देशाच्या पदरात पडले ते दुसरे काम.

१९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय झाला होता. प्रांतांनी त्यातील बरेच रस्ते जिल्हा मंडळांकडे सोपवले. ही व्यवस्था बैलगाडीच्या काळाला पुरेशी होती. गाडी गावातून बाजाराला जाई, बाजारातून रेल्वेच्या ठाण्यावर. तिचा प्रवास बहुधा जिल्ह्यातच संपे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि मोटारलॉऱ्या वाढल्या. त्या एका दिवसात दोन-तीन जिल्हे ओलांडू लागल्या. ज्या जिल्हा मंडळाचा रस्ता त्यांनी झिजवला, त्याच्या तिजोरीत त्यांच्याकडून फारसे काही येत नसे.

रस्त्याची बांधणीही या वाहनांसाठी नव्हती. त्या काळचा चांगला रस्ता म्हणजे खडीचा रस्ता. विदर्भात जिला गिट्टी म्हणतात ती फोडलेली खडी पसरायची, फटींत मुरमाची भुकटी भरायची, पाणी शिंपडून वरून रूळ फिरवायचा. ओली भुकटी घट्ट बसली की तीच खडीला धरून ठेवी. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडी भरडून नवी भुकटी तयार करी, आणि पाऊस ती पुन्हा फटींत बसवी. वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या रबरी चाकाने मात्र हीच भुकटी शोषून धुळीच्या रूपाने उडवली. भुकटी गेली की खडी सुटी होई, आणि त्या सुट्या खडीवर पुन्हा बैलगाडीची धाव फिरे. दोन्ही प्रकारच्या वाहतुकीखाली एकाच वेळी टिकेल असा रस्ता देशात फारच थोड्या ठिकाणी होता. उपाय दिसत होता तो डांबराचा, पण त्याचा खर्च जिल्हा मंडळांच्या आवाक्याबाहेरचा होता.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर १९२७ मध्ये केंद्र सरकारने दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जयकरांकडे दिले. ते अभियंते नव्हते. खडीची जाडी किंवा डांबराचा दर्जा ठरवणे हे त्यांचे काम नव्हतेच. रस्त्याची जबाबदारी कोणाची आणि तिचा पैसा कोठून यावा, हा प्रश्न घटनात्मक आणि आर्थिक होता. तो उलगडण्यास वकीलच हवा होता.

१९२८ साली समितीने अहवाल दिला. रस्त्यांचा विकास हा प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीपलीकडे गेला असून तो राष्ट्रीय हिताचा विषय आहे, म्हणून त्याचा काही भार केंद्राने उचलावा, हा अहवालाचा गाभा होता. पैशासाठी समितीने साधा मार्ग सुचवला. पेट्रोलवर त्या वेळी गॅलनमागे ४ आणे कर होता; त्यात २ आण्यांची भर घालावी आणि ही वाढीव रक्कम इतर महसुलात न मिसळता केवळ रस्त्यांसाठी वेगळी ठेवावी. जो रस्ता वापरतो, त्याच्याकडूनच आणि वापराच्या प्रमाणात पैसा घ्यावा, हे तत्त्व यामागे होते. याखेरीज रस्त्यांच्या प्रश्नांवर वेळोवेळी परिषदा भराव्यात, अभियंत्यांना अनुभवांची देवघेव करता यावी म्हणून निमसरकारी स्वरूपाची तांत्रिक संस्था असावी आणि रस्त्यांवर संशोधन करणारी स्वतंत्र यंत्रणा असावी, अशाही शिफारशी होत्या.

१ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. त्यातील एक हिस्सा केंद्राने संशोधनासाठी आणि देशव्यापी कामांसाठी राखून ठेवायचा आणि उरलेला प्रांतांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटायचा, अशी रचना झाली. या वाटपात एक मोठी उणीव होती, हे येथे नोंदवणे भाग आहे. जेथे मोटारी अधिक, तेथे पेट्रोल अधिक आणि म्हणून निधीही अधिक. कापूस बैलगाडीनेच बाजारात नेणाऱ्या वऱ्हाडासारख्या भागाला मुंबईसारख्या शहरी प्रदेशाच्या तुलनेत या सूत्राचा लाभ कमीच होणार होता. आणि मोटारी येत नव्हत्या त्या बऱ्याच अंशी रस्ते नव्हते म्हणूनच.

मध्यस्थी, न्यायासन आणि संविधान सभा

१९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाल्यावर काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. जुलै-ऑगस्टमध्ये सप्रू आणि जयकर यांनी येरवडा तुरुंगात गांधीजींची आणि नैनी तुरुंगात मोतीलाल व जवाहरलाल नेहरूंची भेट घेतली. पुढे नेहरू पितापुत्रांना येरवड्यास आणून एकत्र बोलणीही झाली. ती निष्फळ ठरली. तरीही संवादाचा तो धागा तुटला नाही आणि मार्च १९३१ मधील गांधी-आयर्विन करारापूर्वीच्या हालचालींत या दोघांचा पुन्हा सहभाग होता. लंडनच्या गोलमेज परिषदांना जयकर उपस्थित होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावरही त्यांची सही आहे.

१९३७ साली दिल्लीत संघ न्यायालय स्थापन झाले. मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्यासमवेत शाह महंमद सुलेमान आणि जयकर हे त्याचे पहिले न्यायाधीश होते. १९३९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर त्यांची नेमणूक झाली.

१९४६ साली ते मुंबईतून संविधान सभेवर निवडून गेले. डिसेंबर १९४६ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर जयकरांनी दुरुस्ती सुचवली. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभेत येईपर्यंत ठराव लांबणीवर टाकावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहात त्यांच्यावर बरीच टीका झाली. तथापि चर्चा पुढच्या महिन्यावर गेली आणि ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. जयकरांनी नंतर सभेचा राजीनामा दिला. फाळणीमुळे बंगालमधील जागा गमावलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४७ मध्ये मुंबईतून निवडून आले, ते जयकरांच्या याच रिक्त जागेवर.

पुणे विद्यापीठ

महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे या मागणीचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद जयकरांनी भूषवले होते. विद्यापीठाचा कायदा झाल्यावर १९४८ साली तेच पहिले कुलगुरू झाले. त्यावेळी त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानाच्या आवारात विद्यापीठ सुरू झाले. १९५६ पर्यंत ते या पदावर होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले. आज ते जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणून ओळखले जाते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. त्याचे दोन खंड निघाले. १० मार्च १९५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

समितीच्या शिफारशींचे पुढे काय झाले

निधीची शिफारस वर्षभरात अमलात आली. तांत्रिक संस्थेच्या शिफारशीला सहा वर्षे लागली. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. रस्त्यांच्या रचनेचे, खडीच्या थरांचे आणि डांबरी कामाचे देशभर प्रमाण मानले जाणारे नियम आजही हीच संस्था प्रसिद्ध करते.

डिसेंबर १९४३ मध्ये सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. नागपूर योजना या नावाने ती प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते अशी रस्त्यांची उतरंड या योजनेत ठरली. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे १६ किलोमीटर रस्ता आणि शेतीच्या विकसित प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावे, ही तिची उद्दिष्टे. पेट्रोलच्या खपाऐवजी गावांचे अंतर हे माप प्रथमच पुढे आल्याने कापूसपट्ट्यातील जिल्ह्यांच्या दृष्टीने ही योजना १९२९ च्या वाटपसूत्राहून अधिक न्याय्य होती. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे परिचित असलेले हे तालुक्याचे गाव यवतमाळहून वर्धा-नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर असून तो मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा भाग आहे. उतरंडीच्या वरच्या पायरीवरील रस्ता गावातून जातो आणि खालच्या पायरीवरील रस्ते तेथून तालुक्यातील खेड्यांकडे फुटतात.

रस्ते निधीला २००० साली स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला आणि २०१८ साली त्याचे नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी असे झाले. कळंबच्या पेट्रोलपंपावर गाडीत इंधन भरणारा माणूस रस्त्यांसाठी जो उपकर देतो, त्याची वंशावळ १९२८ च्या त्या २ आण्यांपर्यंत जाते.

सर्वांत उशीर झाला तो संशोधनाला. दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे औपचारिक उद्घाटन १९५२ साली झाले, म्हणजे अहवालानंतर चोवीस वर्षांनी. दरम्यान रस्त्यांवर डांबर पडू लागले होते. ते भारताच्या उन्हात, पावसात आणि थंडीत कसे वागते, याचा पद्धतशीर अभ्यास मात्र मागे राहिला. हा विलंब किती महत्त्वाचा होता, हे डांबराच्या गुणधर्मांकडे पाहिले की लक्षात येते.

डांबराचे वय आणि थंडीतील भेगा

मराठीत डांबर हा शब्द दोन निरनिराळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. दगडी कोळशापासून निघणारे डांबर जुने. रस्त्यांसाठी आता वापरतात ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिटुमेन. पुढील विवेचन या दुसऱ्या पदार्थाविषयी आहे.

डांबर हे घन आणि द्रव यांच्या सीमेवरचे द्रव्य आहे. उन्हात ते मऊ पडते, थंडीत कडक होते. त्याच्या अंगी आणखी एक गुण असतो : हळूहळू ओढले तर ते ताणले जाते, झटक्याने ओढले तर काचेसारखे तुटते. त्यात टणक आणि जड घटक तेलकट घटकांत विखुरलेले असतात. हवेतील प्राणवायूशी संयोग होत गेला की तेलकट घटकांचे प्रमाण घटते, जड घटकांचे वाढते आणि डांबर ताठर बनते. यालाच डांबराचे वय होणे म्हणतात.

हे वय दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा रस्ता होण्यापूर्वीच पार पडतो. सुमारे १५० ते १६५ अंश सेल्सिअस तापलेल्या गिट्टीवर डांबराचा अतिशय पातळ थर चढतो, आणि त्या थोड्या मिनिटांत ते जेवढे कडक होते तेवढे व्हायला रस्त्यावर कित्येक वर्षे लागली असती. म्हणून डांबर प्रमाणाबाहेर तापवले की रस्ता जन्मतःच म्हातारा होतो. दुसरा टप्पा रस्त्यावर वर्षानुवर्षे चालतो. वरच्या थरात तो वेगवान असतो, खोलवर मंद. नीट दाबाई न झाल्याने ज्या रस्त्यात हवेच्या पोकळ्या अधिक राहतात, त्यात प्राणवायू आतपर्यंत पोहोचतो आणि वय लवकर होते.

आता थंडीचा परिणाम. तापमान उतरले की रस्त्याचा थर आकसू पाहतो. पण लांबच लांब पट्टीसारखा तो खालच्या थराला चिकटून असल्याने त्याला आकसता येत नाही. परिणामी त्याच्यात ताण साठतो. ताजे डांबर किंचित सरकून हा ताण जिरवते. वय झालेल्या डांबराचा ताठरपणा वाढलेला असतो आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, ताण जिरवण्याची शक्ती त्याने गमावलेली असते. साठलेला ताण डांबराच्या बळापलीकडे गेला की रस्त्याला आडवी भेग पडते. त्यावरून एकही वाहन गेले नाही तरी ती पडते. नवा असताना कडाक्याची थंडी सोसणारा रस्ता काही वर्षांनी त्याहून सौम्य थंडीत तडकतो, याचे कारण हेच.

भेगांचा आणि डांबराच्या कडकपणाचा संबंध अमेरिकेत १९३० च्या दशकातच तपासला गेला होता. २५ अंश तापमानात १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत डांबरात किती शिरते, हे त्या काळचे मुख्य माप. तडकलेल्या रस्त्यांतून काढलेल्या डांबरात सुई फारच कमी शिरे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात १९६७ साली केवळ थंडीच्या भेगा अभ्यासण्यासाठी चाचणी रस्ता बांधण्यात आला. पुढे अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात मोठा संशोधन कार्यक्रम झाला आणि डांबराला प्रयोगशाळेतच म्हातारे करून मग तपासण्याची रीत रूढ झाली. फिरत्या बाटल्यांतून १६३ अंशांवर गरम हवा देऊन पहिला टप्पा घडवायचा. नंतर दाबाखालील हवेत ९० ते ११० अंशांवर २० तास ठेवून रस्त्यावरील अनेक वर्षांचे वय चढवायचे. अशा म्हाताऱ्या डांबराची छोटी कांडी थंड द्रवात दोन टेकूंवर ठेवून तिच्यावर भार देतात आणि ती किती वाकते ते मोजतात. ६० सेकंदांनंतरचा ताठरपणा ३०० मेगापास्कलपेक्षा अधिक नसावा आणि ताण जिरवण्याचा वेग दाखवणारा आकडा ०.३०० हून कमी नसावा, अशा त्या कसोट्या आहेत. वय वाढताना बहुधा दुसरी कसोटी आधी हातची जाते. नुसता कडकपणा मोजून जुन्या रस्त्याची पारख पुरी होत नाही, ती यामुळे.

विदर्भातील हिवाळा कॅनडासारखा नाही. यवतमाळ जिल्ह्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास किंवा थोडे खाली जाते. एवढ्या थंडीने एकट्याने रस्ता फाटत नाही. येथील संकट उलट बाजूने येते. उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते आणि काळ्या डांबरी पृष्ठभागाचे त्याहून कितीतरी अधिक वर चढते. या उष्णतेत प्राणवायूचा संयोग झपाट्याने होतो. अशा रीतीने उन्हाने म्हातारे केलेले डांबर दिवस-रात्रीच्या फरकाने आणि वाहनांच्या भाराने तडकते. प्रथम चौकटीचौकटींच्या, नंतर मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसू लागतात. पावसाळ्यात त्यांतून पाणी खाली उतरते आणि खड्डे पडतात.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. कळंब आणि आसपासच्या कापसाच्या प्रदेशात रस्त्याखाली काळी माती असते. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. रस्त्याच्या कडेने लांबवर जाणारी भेग बहुतेक वेळा या मातीची असते, डांबराच्या वयाची नसते. पहिल्या भेगेला निचरा आणि पायाचे काम लागते, दुसरीला पृष्ठभागाचे. दोन्हींवर एकच उपाय केला तर पैसा वाया जातो.

थंडीचा खरा प्रश्न भारतात हिमालयात आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपलीकडे जातो आणि पठारावरचे ऊनही प्रखर असते. भारतीय मानक ७३ या डांबराच्या प्रमाणात २००६ साली सुईच्या मापाऐवजी ६० अंशांवरील दाटपणा हे मुख्य माप धरण्यात आले. त्यातील सर्वांत मऊ प्रत, व्हीजी-१०, थंड प्रदेशांसाठी सुचवली जाते. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे व्हीजी-३० वापरले जाते. मऊ प्रतीचे डांबर वय झाल्यावरही थंडीत काही प्रमाणात लवचीक राहते, हा या निवडीमागील हेतू आहे.

भेगाळलेल्या जुन्या थरावर केवळ नवा पातळ थर अंथरला तर खालच्या भेगा काही काळाने वर उमटतात. म्हणून भेगा अरुंद असतानाच, पावसाळ्यापूर्वी, त्या साफ करून डांबराने भराव्या लागतात. फारच वय झालेला वरचा थर खरवडून काढावा लागतो. खरवडलेला माल तापवून त्यात मऊ डांबर किंवा तेलकट द्रव्य मिसळले की त्याचा काही भाग नव्या रस्त्यात पुन्हा वापरता येतो. मात्र त्या मिश्रणातील जुन्या डांबराचे प्रमाण वाढले की नवा रस्ताही लवकर तडकू शकतो, आणि त्यासाठी वर सांगितलेल्याच चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.